गिटहब डेस्कटॉप: नव्या डेव्हलपरच्या हाती पहिलं अवजार म्हणून कसं आहे?

व्हर्जन कंट्रोलची, म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास जपण्याच्या पद्धतीची, पहिली ओळख बहुतेकांना टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून होते. गिट अ‍ॅड, गिट कमिट, गिट पुश अशा तीन कमांड पाठ होतात, काम सुरू होतं, आणि पुढचे कित्येक महिने नेमकं काय जतन झालं, कुठे झालं याचं चित्र डोळ्यांपुढे उभंच राहत नाही. गिटहब डेस्कटॉप हे मोफत सॉफ्टवेअर ते चित्र दाखवतं. नवशिक्या डेव्हलपरने सुरुवात इथूनच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. उणिवाही आहेत, आणि त्यातल्या दोन ऐन अडचणीच्या वेळी आडव्या येतात. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. गिट हा लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहायला घेतलेला प्रोग्रॅम. तो तुमच्या कॉम्प्युटरवर चालतो आणि कमिट करायला, म्हणजे बदलांची नोंद जतन करायला, त्याला इंटरनेट लागत नाही. गिटहब ही 2008 मध्ये सुरू झालेली, 2018 पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची सेवा. तुमच्या प्रोजेक्टची प्रत तिथे राहते आणि इतरांना त्यावर काम करता येतं. गिटहब डेस्कटॉप म्हणजे गिटच्या कमांड बटणांवर आणून ठेवणारं अ‍ॅप. ते स्वतः मुक्त स्रोत आहे, एमआयटी परवान्याखाली मिळतं आणि विंडोज व मॅकसाठी अधिकृतपणे उपलब्ध आहे. लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती नाही. बाहेरच्या डेव्हलपर मंडळींनी चालवलेली वेगळी आवृत्ती मिळते, पण तिची जबाबदारी गिटहब घेत नाही.

इन्स्टॉल करणं सोपं आहे. विंडोजवर नेहमीचा इन्स्टॉलर वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतो, त्यामुळे अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या बंदिस्त लॅपटॉपवर ही गोष्ट मोलाची ठरते. अ‍ॅपच्या पोटात गिट आधीच भरलेलं असतं, वेगळं घ्यावं लागत नाही. मात्र ते गिट फक्त या अ‍ॅपपुरतं असतं. टर्मिनल उघडून गिट टाइप केलं की कमांड सापडत नाही असा संदेश येतो आणि नवखा माणूस चक्रावतो. उपाय एवढाच की गिट स्वतंत्रपणेही इन्स्टॉल करून ठेवायचं. पुढे त्याची गरज पडणारच आहे.

साइन-इन ब्राउझरमधून होतं, आणि अ‍ॅपचा हा मोठाच फायदा आहे. 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहबने गिटच्या कामांसाठी साधा पासवर्ड स्वीकारणं बंद केलं. टर्मिनलवाल्यांना तेव्हापासून पासवर्डऐवजी ओळख पटवणारं टोकन किंवा एसएसएच किल्ली तयार करावी लागते, आणि नवी मुलं पहिल्या पुशलाच, म्हणजे काम गिटहबवर पाठवतानाच, तिथे अडतात. इथे तो प्रश्नच येत नाही. फक्त कॉन्फिगरेशनमध्ये दिलेला ई-मेल तपासा. तो गिटहब खात्याला जोडलेला नसेल, तर कमिट होतील, पुश होतील, पण तुमच्या प्रोफाइलवर त्यांची नोंद दिसणार नाही. लॅबचा कॉम्प्युटर सामायिक असेल तर काम संपल्यावर साइन-आउट करा, आणि पुढच्या वेळी बसताना नाव व ई-मेल तुमचाच आहे ना हे पाहा. आधीच्या विद्यार्थ्याच्या नावावर तुमचे कमिट जाणं हा तिथला नेहमीचा घोळ आहे.

नवा रेपो (रेपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टचं फोल्डर आणि त्याचा इतिहास) करताना ‘क्रिएट न्यू रेपॉझिटरी’च्या चौकटीत नाव, वर्णन, जागा, रीडमी (प्रोजेक्टची ओळख देणारी फाइल), गिट इग्नोअर (गिटने कोणत्या फायली सोडून द्यायच्या त्याची यादी) आणि लायसन्स एवढं विचारलं जातं. यातली जागा आणि गिट इग्नोअर या दोन रकान्यांवर घाई करू नये. जागा म्हणून अ‍ॅप आपणहून डॉक्युमेंट्समधलं गिटहब फोल्डर सुचवतं. विंडोजवर डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेलं असेल, तर रेपो सरळ क्लाउड सिंकच्या तावडीत जातो. गिट आपली सगळी माहिती रेपोतल्या लपलेल्या .गिट फोल्डरमध्ये शेकडो बारीक फायलींत ठेवतं. सिंक करणारा प्रोग्रॅम त्याच फायली मध्येच अडवून धरतो किंवा त्यांच्या दुसऱ्या प्रती बनवतो, आणि कधी रेपो बिघडतो. त्यामुळे सी ड्राइव्हवर किंवा आपल्या होम फोल्डरमध्ये ‘कोड’ नावाचं साधं फोल्डर करा आणि सगळे रेपो तिथे ठेवा.

गिट इग्नोअरच्या यादीतून तुमची भाषा किंवा फ्रेमवर्क निवडलं की तयार फाइल मिळते. नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) प्रोजेक्टमध्ये ही पायरी चुकली, तर नोड मॉड्यूल्स या तयार पॅकेजांच्या फोल्डरमधल्या हजारो फायली पहिल्याच कमिटमध्ये शिरतात. नंतर इग्नोअर फाइलमध्ये नाव घालून उपयोग होत नाही, कारण गिट ज्या फाइलवर आधीपासून लक्ष ठेवून आहे तिला इग्नोअरचा नियम लागू पडत नाही. टर्मिनलशिवाय सुटायचं असेल तर ते फोल्डर रेपोच्या बाहेर हलवा, इग्नोअरमध्ये त्याचं नाव घाला, दोन्ही बदल मिळून एक कमिट करा आणि मग फोल्डर परत आणा. आता गिट त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

आता या अ‍ॅपच्या सगळ्यात चांगल्या भागाकडे, म्हणजे डाव्या बाजूच्या ‘चेंजेस’ टॅबकडे. फाइल सेव्ह केली की ती इथे उमटते. तिच्यावर क्लिक केलं की उजवीकडे काढलेल्या ओळी लाल आणि घातलेल्या ओळी हिरव्या दिसतात. कमिटचं बटण याच पडद्यावर आहे, त्यामुळे कमिट करण्याआधी आपण काय बदललं यावर नजर पडतेच. तपासणीसाठी घातलेली प्रिंटची ओळ, चुकून दाबली गेलेली स्पेस, अर्धवट सोडलेलं फंक्शन, सगळं इथे सापडतं. टर्मिनलवर यासाठी गिट डिफ वेगळं चालवावं लागतं, आणि नवे लोक ते चालवत नाहीत.

प्रत्येक फाइलपुढे चौकट आहे. खूण काढली की ती फाइल या कमिटमधून वगळली जाते. त्याहून बारीक सोय म्हणजे डिफमधल्या, म्हणजे या लाल-हिरव्या तुलनेतल्या, ओळीच्या क्रमांकावर क्लिक करून तेवढीच ओळ वगळता येते. समजा एकाच फाइलमध्ये तुम्ही लॉगिनची चूक दुरुस्त केली आणि तिथेच बटणाचा रंगही बदलला. लॉगिनच्या ओळी निवडून पहिला कमिट करा, रंगाच्या ओळींचा दुसरा. उद्या रंग मागे घ्यायचा झाला तर लॉगिनच्या दुरुस्तीला धक्का लागणार नाही. टर्मिनलवर हेच काम बरंच किचकट आहे. एक लक्षात ठेवा: व्हाइटस्पेसचे (मोकळ्या जागांचे) बदल लपवण्याचा पर्याय चालू असेल तर ओळी निवडता येत नाहीत. क्लिक करूनही काही होत नसेल तर आधी तो पर्याय बंद करा.

इथेच एक खोट आहे. गिटमध्ये काम तीन ठिकाणी असतं: तुमचं फोल्डर, स्टेजिंग (पुढच्या कमिटसाठी निवडलेले बदल) आणि कमिट झालेला इतिहास. गिटहब डेस्कटॉप मधली जागा, म्हणजे स्टेजिंग, दाखवतच नाही; फाइलपुढच्या खुणा हेच त्याचं स्टेजिंग. रोजच्या कामात काही बिघडत नाही. पण हे अ‍ॅप वापरून शिकलेला माणूस मुलाखतीत ‘गिट अ‍ॅड काय करतं?’ या प्रश्नाला अडखळतो. म्हणून सुरुवातीलाच मनाशी बसवून घ्या: खूण करणं म्हणजे अ‍ॅड, खालचं निळं बटण म्हणजे कमिट, वरचं ‘पुश ओरिजिन’ म्हणजे पुश.

कमिटसाठी ‘समरी’ आणि ‘डिस्क्रिप्शन’ असे दोन रकाने आहेत. समरी 50 अक्षरांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. ‘फिक्स’, ‘अपडेट’, ‘फायनल’ असले संदेश तीन महिन्यांनी निरुपयोगी ठरतात. ‘रिकामा मोबाइल नंबर असताना फॉर्म सबमिट होत होता, ते थांबवलं’ अशा धर्तीवर लिहा, आणि ते का करावं लागलं हे डिस्क्रिप्शनमध्ये. नव्या आवृत्त्यांत गिटहबच्या कोपायलट या एआय मदतनिसाकडून संदेश लिहून घेण्याची सोय आली आहे. शिकत असेपर्यंत ती वापरू नका. मशीनला डिफ दिसतो. बदल कोणत्या तक्रारीवरून केला हे तिला माहीत नसतं. संदेश देवनागरीतही लिहिता येतो. देवनागरी नावाच्या फायलीही या अ‍ॅपमध्ये नीट दिसतात. टर्मिनलवर गिट मुळात अशा नावांच्या जागी उलट्या रेघा आणि आकडे छापतं, आणि ते टाळायला कोअर कोटपाथ ही सेटिंग बंद करावी लागते.

कमिट केलं म्हणजे काम गिटहबवर पोचलं, हा सर्वात जास्त आढळणारा गैरसमज. कमिट तुमच्या कॉम्प्युटरवरच असतो. अ‍ॅपच्या वरच्या पट्टीतलं उजवीकडचं बटण परिस्थितीप्रमाणे नाव बदलतं: रेपो अजून वेबवर नसेल तर ‘पब्लिश रेपॉझिटरी’, ब्रांच (कामाची वेगळी शाखा) नसेल तर ‘पब्लिश ब्रांच’, पाठवायचे कमिट असतील तर ‘पुश ओरिजिन’ आणि शेजारी त्यांची संख्या, पलीकडे नवे कमिट आले असतील तर ‘पुल ओरिजिन’. ‘फेच’ने फक्त पलीकडची खबर येते, तुमच्या फायली बदलत नाहीत, ‘पुल’ने बदलतात. पब्लिश करताना कोड खाजगी ठेवण्याची खूण आधीच केलेली असते. जाणूनबुजून उघडा करायचा नसेल तर ती काढू नका.

चूक मागे घेण्याचे रस्ते इथे बरेच आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. ‘डिस्कार्ड चेंजेस’ने कमिट न केलेले बदल जातात, फाइल रिसायकल बिनमध्ये टाकली जाते, त्यामुळे चुकून दाबलं तरी बहुधा परत मिळते. टर्मिनलवरच्या रिस्टोअर कमांडला ही दयामाया नाही. कमिट केल्याबरोबर खाली ‘अनडू’चं बटण येतं, पुश करेपर्यंत ते वापरता येतं आणि बदल पुन्हा ‘चेंजेस’मध्ये येऊन बसतात. संदेशातली चूक किंवा राहिलेली फाइल असेल तर ‘हिस्टरी’त शेवटच्या कमिटवर उजवं क्लिक करून ‘अमेंड कमिट’. पुश झालेला कमिट मागे घ्यायचा तर ‘रिव्हर्ट’: तो जुना कमिट पुसत नाही, त्याच्या उलट बदल करणारा नवा कमिट करतो. सामायिक ब्रांचवर हाच सुरक्षित मार्ग.

पुश झालेला कमिट अमेंड केलात तर वरचं बटण ‘फोर्स पुश ओरिजिन’ होतं. इथे थांबा. ब्रांच फक्त तुमची असेल तरच ते दाबा. त्या ब्रांचवर दुसरं कुणी काम करत असेल तर तिचा इतिहास बदलतो, आणि त्यांच्या पुढच्या पुलला विनाकारण कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) उभे राहतात.

ब्रांच बदलताना अर्धवट काम हाताशी असेल, तर अ‍ॅप विचारतं: बदल इथेच ठेवू की सोबत नेऊ? हा प्रश्न फार उपयोगाचा आहे. मेन या मुख्य ब्रांचवर चुकून कमिट झाला आणि अजून पुश केलेला नाही, अशा वेळी ‘अनडू’ करा, नवी ब्रांच तयार करा, बदल सोबत न्यायचा पर्याय निवडा आणि तिथे पुन्हा कमिट करा. अर्ध्या मिनिटाचं काम. बदल इथेच ठेवायचं म्हटलं तर ते स्टॅश होतात, म्हणजे तात्पुरते बाजूला ठेवले जातात, आणि इथे वर उल्लेखलेली पहिली मोठी उणीव येते: एका ब्रांचसाठी एकच स्टॅश. दुसऱ्यांदा ठेवायला गेलात तर पहिला स्टॅश जाईल अशी सूचना येते, आणि घाईत ती वाचली जात नाही. गिटमध्ये स्टॅश हवे तितके करता येतात. अ‍ॅपने ही मर्यादा स्वतःवर घालून घेतली आहे. यावर आमचा सल्ला असा की स्टॅशवर विसंबूच नका. ‘काम अपुरं’ असा संदेश देऊन स्वतःच्या ब्रांचवर कमिट करा आणि परत आल्यावर अमेंड करा.

मर्ज करताना, म्हणजे दोन ब्रांच एकत्र करताना, कॉन्फ्लिक्ट आला तर अ‍ॅप चांगलं वागतं. ‘ब्रांच’ मेनूतून मेनचे बदल आपल्या ब्रांचवर आणले आणि एकाच ओळीला दोघांनी हात लावलेला असला, की फायलींची यादी येते आणि प्रत्येकीत किती कॉन्फ्लिक्ट आहेत हे दिसतं. फाइल एडिटरमध्ये उघडली की सात < चिन्हांची ओळ, मग तुमचा मजकूर, सात = चिन्हं, मग समोरच्याचा मजकूर आणि शेवटी सात > चिन्हं दिसतात. समजा तुम्ही त्या ओळीत कराचा दर 12 चा 18 केला आणि सहकाऱ्याने त्याच ओळीतल्या व्हेरिएबलचं नाव बदललं. एकाची बाजू पूर्ण निवडली तर दुसऱ्याचं काम बुडतं. इथे नवं नाव आणि नवा दर असलेली तिसरीच ओळ हाताने लिहायची आणि चिन्हांच्या तिन्ही ओळी काढून टाकायच्या. एडिटर न उघडता एका बाजूची फाइल सबंध स्वीकारण्याचा पर्यायही यादीत मिळतो. तो चित्रांसाठी किंवा आपोआप तयार होणाऱ्या फायलींसाठी ठीक, हाताने लिहिलेल्या कोडसाठी नाही. सगळी चिन्हं गेली की अ‍ॅप हिरवी खूण दाखवतं. त्या खुणेचा अर्थ चिन्हं गेली एवढाच आहे. कोड चालतो की नाही हे चालवूनच पाहावं लागेल. गोंधळ झालाच तर ‘अबॉर्ट मर्ज’ दाबा, सगळं पूर्ववत होतं.

मोठ्या फायलींबाबत गिटहब डेस्कटॉप वेळेवर सावध करतं. 100 एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब स्वीकारत नाही, आणि कमिट करतानाच तशी सूचना येते. तरीही कमिट केलात तर पुश अडेल, आणि पुढच्या कमिटमध्ये ती फाइल काढूनही सुटका होणार नाही, कारण इतिहासात ती राहतेच. लगेच लक्षात आलं तर ‘अनडू’ पुरे. गुप्त किल्ल्या आणि पासवर्डचंही तेच: त्या ठेवलेली एन्व्ह फाइल एकदा पुश झाली की नंतर काढून टाकणं हा उपाय नाही. ती किल्ली आधी संबंधित सेवेत जाऊन रद्द करायची, नवी घ्यायची, इतिहासाची सफाई नंतर.

विंडोजवरचा आणखी एक छुपा त्रास: फाइलच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर मोठ्याचं लहान केलं, तर ‘चेंजेस’मध्ये काहीच उमटत नाही, कारण विंडोजला दोन्ही नावं सारखीच. तुमच्याकडे प्रोग्रॅम चालतो, लिनक्स सर्व्हरवर फाइल सापडत नाही म्हणून कोसळतो. आधी नाव पूर्ण वेगळं करून कमिट करा, मग हवं ते नाव देऊन दुसरा कमिट.

दुसरी मोठी उणीव हरवलेले कमिट शोधण्याची. गिट ब्रांचच्या प्रत्येक हालचालीची नोंद रीफ्लॉगमध्ये ठेवतं. ब्रांच चुकून डिलीट झाली किंवा कमिट नाहीसा झाल्यासारखा वाटला तरी बहुतेक वेळा तिथून परत आणता येतो. गिटहब डेस्कटॉपमध्ये रीफ्लॉग बघायची सोय नाही. अशा वेळी ‘रेपॉझिटरी’ मेनूतून टर्मिनल उघडायचं, गिट रीफ्लॉग चालवायचं, हव्या कमिटचा सात अक्षरी क्रमांक उचलायचा आणि त्या क्रमांकावरून गिट ब्रांचने नवी ब्रांच काढायची. काही गेलं असं वाटताक्षणी रेपो डिलीट करून नव्याने क्लोन करू नका, म्हणजे गिटहबवरून पुन्हा उतरवून घेऊ नका. क्लोनबरोबर जुना रीफ्लॉग येत नाही, आणि पुश न केलेलं काम मग खरोखरच जातं.

बाकीच्या कमतरता हलक्या आहेत. ब्रांच कुठून फुटली आणि कुठे मिळाली याचा आलेख नाही. एखादी ओळ कुणी, केव्हा लिहिली हे दाखवणारं ब्लेम नाही. ते गिटहबच्या वेबसाइटवर बघावं लागतं. गिटहबसारख्याच गिटलॅब किंवा बिटबकेट या सेवांवरचा रेपो पत्ता देऊन क्लोन करता येतो, पण पुल रिक्वेस्टची (आपले बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घ्यावेत या विनंतीची) जोडणी फक्त गिटहबपुरती. मेनू सगळे इंग्रजीत. इलेक्ट्रॉन या ब्राउझरवर आधारलेल्या चौकटीवर बांधलेलं असल्याने 4 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर, ब्राउझर आणि एडिटर उघडे असताना, ते जड वाटेल.

पर्यायांचं बघायचं तर व्हीएस कोड या एडिटरमधला सोर्स कंट्रोल पडदा स्टेजिंग वेगळं दाखवतो आणि तिथेच कोडही लिहिता येतो. त्याला गिट वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, आणि चूक मागे घेण्याचे पर्याय मेनूत खोल दडलेले आहेत. सोर्सट्री मोफत आहे आणि ब्रांचचा आलेख दाखवतं, पण पहिल्या दिवशी त्याच्या बटणांची गर्दी अंगावर येते. तेही फक्त विंडोज आणि मॅकवर. गिटक्रॅकन लिनक्सवरही चालतं आणि त्याचा आलेख देखणा आहे. खाजगी रेपोंसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. लिनक्सवर शिकणाऱ्याने व्हीएस कोड आणि टर्मिनल ही जोडी घ्यावी. विंडोज किंवा मॅकवाल्याने पहिले दोन-तीन महिने गिटहब डेस्कटॉप वापरावं, आणि रोज कमिट करण्याआधी एकदा टर्मिनलमध्ये गिट स्टेटस चालवून तिथे दिसणारी यादी ‘चेंजेस’शी ताडून बघावी.